एक तारा कमी पडतोय

खुटबावच्या हनुमंत कोळपेला एखाद्या नव्या माणसानं विचारलं, की काय काम करता, तर तो सरळ सांगतो, "रानं बंद करतो." समोरचा जरा दचकतो. मग हनुमंत मागं पिकअपकडं बोट दाखवतो. तिच्यात तारेची भेंडोळी, सिमेंटचे खांब, पहार, पक्कड आणि तार ताणायचा पुलर. तार कंपाउंड हा त्याचा धंदा, आणि या धंद्याला आपल्याकडं मरण नाही. पुण्याच्या माणसानं दहा गुंठे घेतले, की सातबारा हातात पडायच्या आधी तो हनुमंताला फोन करतो. उसात बिबट्या दिसला, की वस्तीवाले करतात. भावाभावांचं वाजलं, की दोघंही करतात आणि दोघंही "त्याच्या आधी माझं कर" म्हणतात. भीमेच्या अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर. कासुर्डीपासून पार वढू बुद्रुकपर्यंत हनुमंतानं बंद केलेली रानं आहेत.

कामात त्याची एक खोड आहे. तार ताणून झाली, की तिच्यावर नख मारायचं आणि मान वाकडी करून ऐकायचं. टण् असा आवाज आला पाहिजे. टप् आला, तर सोडायची आणि पुन्हा ओढायची. गिऱ्हाईक कंटाळून म्हणतं, "राहू दे की, कोण बघतंय?" त्यावर हनुमंत म्हणतो, "बघायचं न्हाई, ऐकायचं. चांगली तार बोलती." अशा बोलक्या तारा त्यानं दोन तालुक्यांत बांधून ठेवल्या, पण घरात त्याचा स्वतःचा बाप त्याच्याशी बोलत नव्हता.

गेणबा कोळपे हा जुना मेंढपाळ. दिवाळी उरकली, की मेंढरं, घोडी, बिऱ्हाड घेऊन कोकणच्या वाटेला लागायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, असं त्यानं उभा जन्म केलं. गावात शिरायची त्याची वाट ठरलेली होती, गावातल्या साहेबरावांच्या मोकळ्या रानातून. साहेबरावांचे वडील तर त्याची वाट बघत असायचे. मेंढरं रानात चार रात्री बसली, की खताची सोय व्हायची आणि गेणबाच्या पदरात जोंधळा पडायचा. पुढं वडील गेले. साहेबरावांनी ठिबक केलं, डाळिंब लावलं आणि रान बंद करायचं ठरवलं. नुकत्याच धंद्याला लागलेल्या हनुमंताचं ते पहिलं मोठं काम. गडी खुशीत होता. त्यानं चारी बाजूंनी अशी तार ओढली, की बघणाऱ्यानं बघत राहावं. आणि थोड्याच दिवसांत गेणबा कोकणातून परतला, तो मेंढरांसकट त्या तारेवर येऊन थडकला.

"कुणी बांधली ही?" त्यानं विचारलं.

साहेबरावांच्या गड्यानं खुशाल सांगितलं, "तुमच्याच हणमंतानं की!"

गेणबानं मेंढरं वळवली, डांबरी रस्त्यानं फेऱ्यानं घरी आणली आणि त्याच साली सगळी विकून टाकली. मेंढरं तशीही जायचीच होती. चराऊ रान उरलंच नव्हतं, हे गावाला कळत होतं, म्हाताऱ्यालाही कळत असणार. पण पोटच्या पोराच्या हातानं वाट बंद व्हावी, हे त्याच्या मनातून गेलं नाही. तो हनुमंताला काही बोलला नाही. काही म्हणजे काहीच बोलला नाही. तेव्हा हनुमंताची तेजश्री बालवाडीत होती. आता ती बारामतीला कॉलेजात शिकते, आणि म्हातारा अजून बोललेला नव्हता.

घर एक, चूल एक, आणि मध्ये प्रतिभा. ही हनुमंताची बायको. संध्याकाळी जेवायला बसलं, की गेणबा तिला म्हणायचा, "त्या तारवाल्याला सांग, मोटर चालू राहिलीया." तारवाला हातभर अंतरावर भाकरी मोडत बसलेला असायचा. प्रतिभा मान वळवून इमानदारीत सांगायची, "आप्पा म्हणत्यात, मोटर चालू राहिलीया."

"सांग, बंद करतो."

"ते म्हणत्यात, बंद करतो."

"बंद करायचंच येतंय त्याला," म्हातारा पुटपुटायचा.

हे शेवटचं मात्र प्रतिभा पुढं पोचवायची नाही. इतकी वर्षं निरोप्याचं काम करून ती चांगली तयार झाली होती. गरजेप्रमाणं निरोपात साखर घालायची, कधी चिमूटभर तिखटही घालायची, आणि घर चालवायची.

आणि मग ती काठी. गेणबा रोज सकाळी फिरायला निघायचा आणि वाटेत जे कुंपण लागेल त्याच्या तारेवर काठी हाणायचा. अंगात ताप असो, पाऊस असो, हे चुकायचं नाही. "तुझा बाप अजून तारांना बडवतोय रं," लोक हसून सांगायचे. हनुमंतही हसायचा. पण एकदा एका बांधावर काम करताना लांबून त्याच्या कानावर ती काठी आली आणि आपल्याच पाठीत बसल्यासारखं त्याला झालं. तसं त्याचं सगळं बरं चाललं होतं. पोरगी शिकत होती, हाताला काम होतं. म्हाताऱ्यानं एकदा आपल्याला नावानं हाक मारावी, शिवी देऊन का होईना, एवढंच त्याला हवं होतं.

अशात एका संध्याकाळी फोन आला.

"नमस्कार, कोळपेकाका ना? मी अनुपमा बोलतेय, पुण्याहून. साहेबरावांनी तुमचा नंबर दिला. आमच्याकडे एक तारा कमी पडतोय हो."

तारेला तारा म्हणाली, आणि वर पुल्लिंगी. पण पुण्याच्या माणसांचं व्याकरण पुण्याच्या माणसांपाशी. गिऱ्हाइकाच्या चुका काढायच्या नसतात, हे हनुमंताला माहीत होतं.

"एकच का?"

"सध्या एकच. पण अगदी टोकाला उभा करायचाय."

"उभा? आडवा न्हाई?"

"बघू ना, तुम्हाला जमेल तसं."

"काटेरी का साधा?"

पलीकडं ती हसली. "काटेरी नको बाई. साधाच बरा. शांत असला पाहिजे."

"जाडी?"

"अंगकाठी कशीही चालेल, काका."

"बरं. आन् लांबी?"

"तोच तर सगळा विषय आहे! लांब म्हणजे इतकं लांब, की बघणाऱ्याला भीती वाटली पाहिजे."

बिबट्याचा त्रास असणार, हनुमंतानं ताडलं. पत्ता विचारला तर साहेबरावांचंच रान निघालं. तेल्या रोगानं डाळिंब गेल्यापासून ते पडीकच होतं.

दुसऱ्या दिवशी तो सामान घेऊन पोचला. आत काळे कपडे घातलेली सात-आठ पोरंपोरी एकमेकांपासून लांब लांब उभी होती आणि इतकी हळू चालत होती, की सगळ्यांच्या पायात एकदमच काटा मोडला काय, असं त्याला वाटलं. त्यानं भेंडोळं ढेकळात टाकलं.

"मॅडम, तार आणलीया. खांब कुठं रोवायचं?"

अनुपमानं तारेकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "काका, मी तारा म्हणाले होते. आकाशातला."

"त्या चांदण्या," हनुमंत म्हणाला. "आमच्याकडं तारा म्हंजी ह्या."

ती मटकन ढेकळातच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पोरंही गोळा झाली, हसली. साहेबरावांना तिनं सांगितलं होतं, की एक तारा कमी पडतोय, गावातलं कुणी मिळेल का. आणि साहेबरावांनी क्षणाचाही विलंब न लावता तारवाल्याचा नंबर दिला होता. कुणाचीच तशी चूक नव्हती.

मग तिनं नीट सांगितलं. ही पोरं इथं एक नाटक बसवत होती, नाव 'अंतर'. त्यात शब्द एकही नाही, नुसती शरीरं. लोक रानाच्या मधोमध बसणार. ही मंडळी छातीवर एकेक बारका दिवा लावून त्यांच्यापासून निघणार आणि हळूहळू इतकी लांब जाणार, की शेवटी दिवा कुठला आणि आभाळातला तारा कुठला हे कळू नये. त्यांच्यातल्या शिरूरच्या विक्रमला नेमकी कंपनीत रात्रपाळी लागली, म्हणून एक जागा रिकामी होती.

"बोलायचंच न्हाई, तर लोकांना कळायचं कसं?" हनुमंतानं विचारलं.

"थोडं कळेल, थोडं नाही कळणार."

हे त्याला आवडलं. गिऱ्हाइकाला इतकं खरं सांगायची त्याची स्वतःची कधी छाती झाली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या रिकाम्या जागेवर आपण उभं राहून बघावं, असं त्याला तिथंच वाटून गेलं होतं. आजवर त्याला जो तो बोलवायचा तो काहीतरी बंद करायला. नुसतं उभं राहायला कुणी बोलावलं नव्हतं. "आलोच हाय तर ऱ्हातो," तो म्हणाला.

तारही वाया गेली नाही. पोरांचा चहा चालला होता तेव्हा हाताला चाळा म्हणून त्यानं रानाच्या एका बाजूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत छातीएवढ्या उंचीवर एक साधी तार ओढली आणि सवयीनं नख मारलं. पार पलीकडं मोनिका नावाची पोरगी तारेवर हात टेकून उभी होती, ती ओरडली, "काका, कळलं!"

"काय कळलं?"

"तुमचं बोट!"

झालं. अनुपमाच्या डोळ्यांत चमक आली आणि तार नाटकात आली. सगळे तारे पांगले, की शेवटी दोघंच उरणार. एका टोकाला हनुमंत, दुसऱ्या टोकाला मोनिका. मध्ये अंधार आणि ही एक तार.

पण तिथंच दोघांचं वाजलं. अनुपमाला तार ढिली हवी होती. ताठ तारेतून नुसता धक्का पोचतो, ढिलीतून लाट जाते, असं तिचं म्हणणं.

"मॅडम, ढिली तार माझ्या हातून जायची न्हाई. मला गावात तोंड दाखवायचंय."

"काका, ते कुंपण नाहीये."

"लोकांना काय ठावं?"

शेवटी तिच्या हट्टापुढं त्यानं मान तुकवली. नाटक संपलं की लगेच काढून टाकायची, या अटीवर त्यानं तार सैल सोडली. पुलर मात्र आपल्या टोकाच्या खांबाला तसाच ठेवला. त्या लोंबत्या तारेकडं त्याला बघवेना. आपलं पोर विंचरल्याशिवाय शाळेत गेल्यावर होतं तसं त्याचं झालं.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? हनुमंत कोळपे चांदणी झाला, असं दुसऱ्या दिवशी पारावर झालं. कुणी त्याला चांदणीबाई म्हणून हाक मारली, तर कुणी दिवसा उगवणार का, म्हणून विचारलं. घरी गेणबानं प्रतिभाकरवी निरोप धाडला, "त्या तारवाल्याला सांग, तारा बांधून भागलं न्हाई, आता तारे तोडायला लागला."

प्रतिभानं मान वळवली. "आप्पा इचारत्यात, नाटक कवा हाय?"

हनुमंताचा घास हातातच राहिला. त्यानं बायकोच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि साखर कुठं पडली ते त्याला कळलं.

मध्येच एकदा अनुपमा गेणबाला भेटायला घरी आली. तिला मोठी आशा होती. "आप्पा, इतकी वर्षं तुम्ही उघड्यावर झोपलात, आभाळाखाली. वर काय दिसायचं?"

"घोंगडं," गेणबा म्हणाला.

"नाही, म्हणजे रात्री, वर..."

"वर घोंगडंच की. तोंडावर घेऊन झोपायचं. दवात कोण मरतंय?"

ती चहा पिऊन परत गेली.

तालमी चालू राहिल्या. हळू चालणं हे फार अवघड काम आहे, हे हनुमंताला पायात गोळे आल्यावर पटलं. पण त्याच्या मनात घर केलं ते अनुपमाच्या एका बोलण्यानं. सूर्य नुकताच बुडाला होता, एक तारा उगवून आला होता. त्याच्याकडं बघत ती म्हणाली, की हा आत्ता दिसतोय तो आत्ताचा नाही. तिथून उजेड निघाला त्याला कैक वर्षं झाली. आपण बघतोय तो त्या वेळचा तारा.

"म्हंजी आज तो तसा नसंल बी?"

"नसेलही. आपल्याला कळायला वेळ आहे."

हनुमंत त्या ताऱ्याकडं बघत राहिला. म्हणजे आप्पाला अजून तोच दिसतोय, त्याच्या मनात आलं. पहिल्या कामाच्या खुशीत बापाची वाट बंद करणारा, तरणा पोरगा. त्यानंतरचा आपण आप्पापर्यंत पोचलोच नाही. त्याला फार वाईट वाटलं. हातातला चहा गार झाला आणि त्यानं तो तसाच ओतून दिला.

प्रयोगाच्या दिवशी अनुपमानं सगळ्यांना पुन्हा बजावलं, "काय वाट्टेल ते होवो, तारा बोलत नाही." हनुमंतानं सगळ्यात मोठ्यानं "व्हय" म्हटलं.

इकडं घरी प्रतिभा साडी बदलून सासऱ्यापुढं उभी राहिली. गेणबा बाजेवर. त्या रानात पुन्हा पाय ठेवणार नाही, हे त्याचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. "आप्पा, मी जाऊन येते," ती म्हणाली. "तुम्हाला आणू नको म्हणाले ते. म्हणाले, आप्पांना आता अंधारात दिसत न्हाई, कुठं तरी धडपडायचे."

"असं म्हणला?" गेणबा उठून पटका बांधायला लागला. "काठी दे माझी."

दिवस मावळला. चंद्र नव्हता, थंडी पडली होती, आणि साहेबरावांच्या रानात ताडपत्र्यांवर अर्धं गाव दाटून बसलं होतं. दिवे निघाले. हळू, अगदी हळू. बराच वेळ गेल्यावर मुक्ताबाई शेजारणीच्या कानात म्हणाली, "आगं, सुरू कवा व्हणार?" "झालं की अर्धं," शेजारीण म्हणाली. पोरं खिदळली, कुणी खोकलं, कुणाचा तरी मोबाइल वाजला. पण दिवे लांब लांब जात राहिले, तसं रान आपोआप शांत होत गेलं. शेवटी खाली कुठले आणि वर कुठले ते खरंच कळेना.

हनुमंत आपल्या टोकाला पोचला होता. तिथून त्याला माणसं दिसत नव्हती, फक्त काळोख. म्हातारा आलाय का, हे त्याला माहीत नव्हतं, आणि आला नसणारच, असं त्यानं धरून ठेवलं होतं. हात तारेवर. मोनिकाकडून एक लाट आली, मऊ, सावकाश. त्यानं परत पाठवली. पुन्हा आली. त्याला बरं वाटलं.

आणि मग तारेवर काहीतरी आपटलं. टप्.

हनुमंतानं मान वाकडी केली. ती मोनिका नव्हती. ती काठी होती, आणि ती काठी त्यानं हजारात ओळखली असती. पुन्हा एकदा, टप्. नंतर कळलं ते असं, की गेणबाला मधेच लघवीला लागली होती, तो अंधारात बाजूला गेला आणि त्याच रानात, पुन्हा एकदा, तारेवर येऊन थडकला होता. या खेपेला मात्र कुणी बांधली, हे त्यानं विचारलं नाही.

"हणम्याऽऽ!"

सगळं रान दचकलं. दिवे जागच्या जागी थांबले.

"हणम्या, ढिली हाय की रं तार!"

हनुमंताच्या तोंडात 'ओ' आला. पण तो बाहेर निघायला परवानगी नव्हती.

"इतकी वर्सं बघतोय," अंधारातून म्हातारा ओरडत होता, "रोज, एकूण एक तार. काठी हाणून ऐकतोय. कासुर्डीच्या वाटंची, कॅनॉलच्या कडंची, समद्यांची. कवा ढिली लागली न्हाई तुझी. आन् आज गाव गोळा करून ही असली बांधलीस व्हय?"

बडवत नव्हता. इतकी वर्षं तो बडवत नव्हता. हनुमंताला हे समजलं आणि डोळे भरून आले, अंधार होता म्हणून बरं. आप्पाला आपला जुना उजेड दिसत राहिला, असं धरून तो बसला होता. आणि स्वतः मात्र बापाचं जुनंच तोंड बघत आला होता, तारेपाशी मेंढरं वळवणारं.

तारा बोलत नाही, हे त्याच्या चांगलं लक्षात होतं. त्यानं चाचपून पुलरचा दांडा धरला आणि दाबला. एकदा. आणखी एकदा. तार रानभर ताठ होत गेली.

"आता बघा, आप्पा!" तारा म्हणाला.

काठी पडली. टण्.

"हां," गेणबा म्हणाला. "आता बोलती."

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मुक्ताबाई म्हणाली, हे एवढं मातर झ्याक होतं. अनुपमा कुणालाच रागावली नाही. पुढचा प्रयोग शिरूरला होता, तिथं आप्पांना घेऊन याल का, एवढंच तिनं हळूच विचारलं. गेणबानं साफ नकार दिला. रोज रोज ढिली तार बघवणार नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं जेवायला बसले. प्रतिभा तव्यावर भाकरी टाकत होती. गेणबानं कालवणात भाकरी कुस्करली आणि वर न बघताच म्हणाला, "हणम्या, मोटर चालू राहिलीया."

प्रतिभानं सवयीनं मान वळवली. "आप्पा म्हणत्यात..." एवढं म्हणाली आणि थांबली. सांगायला काही उरलं नव्हतं. ती पुन्हा तव्याकडं वळली.

"बंद करतो, आप्पा."

"बंद करायचंच येतंय तुला," म्हातारा म्हणाला.

हे हनुमंतानं पहिल्यांदाच ऐकलं. तो हसत हसत उठला आणि मोटर बंद करायला गेला.